लाभ, दोन, तीन

रोशनी सोनकांबळे नेमकं काय काम करते हे तिच्या आईला, म्हणजे केसरबाईंना, चार वर्षांत काही उमगलं नव्हतं. शेजारणींनी विचारलं की त्या ‘कंप्युटरात आकडे सरळ करती’ एवढं सांगून मोकळ्या होत. गंमत अशी, की याहून नेमकं सांगणं खुद्द रोशनीलाही जमलं नसतं. माधापूरच्या एका कंपनीत ती एका लायब्ररीवर काम करत होती. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या प्रोग्रामरांनी उचलावा आणि आपापल्या ॲपमध्ये बसवावा असा तयार कोड, त्याला लायब्ररी म्हणतात. या कोडला काम एकच होतं. आकडा ज्या मुलखात जाईल तिथल्या रीतीनं तो दाखवायचा. जर्मनीत गेला की आपण स्वल्पविराम देतो तिथे टिंब. फ्रान्सात नुसती मोकळी जागा. आपल्याकडे आला की आधी तीन अंक, मग दोन-दोनच्या जोड्या, लाखाच्या आणि कोटीच्या. आणि मराठी निवडली की अंकसुद्धा देवनागरी.

सकाळी मलकपेठला मेट्रोत बसायला जागा मिळाली की रोशनी डोळे अर्धे मिटून घ्यायची. मग तिला दिसायचं, की एक लांबलचक आकडा सरहद्दीवर येऊन उभा राहिलाय. तो आपली टिंबं काढून ठेवतो, स्वल्पविराम अंगावर घालतो, अंकांची वळणं बदलतो आणि निमूट आत जातो. किंमत तीच, पण आता गावातले लोक त्याला आपला समजतात. अमीरपेठला गाडी बदलायची वेळ आली की आकडा नाहीसा व्हायचा आणि लोकांचे कोपरे लागायचे.

आकड्यांचं हे जाणं-येणं तिला इतकं कळायचं याला कारण होतं. तिनं स्वतःचंही तेच केलं होतं. शाळेत तेलुगू, रस्त्यावर दखनी, ऑफिसात इंग्रजी, आणि मराठी फक्त घरात, ती जेवणापुरती. कुठेही गेली तरी कुणाला ती परकी वाटत नसे. पण या कपडे बदलण्यात एकदा तिच्या हातून एक गोष्ट घडली होती, आणि तेरा वर्षं झाली तरी ती तिला सोडत नव्हती.

तिचे वडील तातेराव मलकपेठच्या बाजारात मापाडी होते. देगलूरकडून तरुणपणी आले, अकरा वर्षं पोती वाहिली, मग दत्तोबा नावाच्या म्हाताऱ्या मापाड्यानं त्यांचा आवाज ऐकला आणि त्यांना हाताखाली घेतलं. काट्यावर पोतं चढलं की ते कितवं तो आकडा मोठ्यानं पुकारायचा, आणि पुढचं चढेपर्यंत तोच आकडा म्हणत राहायचा, म्हणजे मोजणी चुकत नाही. सगळा बाजार गलका करत असला तरी तातेरावांचा आवाज वरून यायचा. रोशनी आठवीत असताना शाळेत पालकसभा होती. बाईंनी सगळ्या मुलींसमोर विचारलं, वडील काय करतात? रोशनी म्हणाली, ‘अकाउंट्समध्ये आहेत.’ आणि मागे वळून बघते तर दारात तातेराव उभे. बाजारातून तसेच आलेले, सदऱ्यावर मिरचीची धूळ. ते आले तसे परत गेले.

त्या दिवसापासून ते तिच्याशी मोजकंच बोलत. ‘आलीस?’ ‘जेवलीस?’ ‘दार लाव.’ रागावले असते, दोन चापट्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तसलं काही नाही. फीचा दिवस कधी चुकला नाही, ताप आला तर उशाशी बसून राहिले, पण बोलणं गेलं ते गेलंच. रोशनीला त्या एका वाक्याचं काहीतरी करायचं होतं. रोज वाटायचं आज बोलू, आणि रोज ते ताट धुवायला उठून जायचे. मग बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले, वजन आणि पोत्यांची मोजणी दोन्ही लाल दिव्यांत आपोआप दिसू लागली, आणि तातेराव घरी बसले. तेव्हापासून तर ते कुणाशीच फारसं बोलत नव्हते.

अशात एका सोमवारी श्रीकांत, म्हणजे रोशनीचा टीम लीड, खुर्ची सरकवत तिच्या टेबलाशी आला. लायब्ररीत आता आकडे अक्षरांत लिहायची सोय होत होती, म्हणजे फोन ते वाचून दाखवू शकेल. इंग्रजीचं आणि तेलुगूचं सोपं होतं, वीस अधिक एक, तीस अधिक दोन, नियम लिहिला की झालं. मराठीला नियम चालेना. शंभरापर्यंत जो तो आकडा आपल्या मर्जीचा मालक. शंभर ओळींचा तक्ता भरावा लागणार होता, आणि आधी कुणीतरी तो हिंदीवरून उतरवून ठेवला होता, त्यात ‘उनचास’ बघून लोकांनी तक्रारी केल्या होत्या.

‘तेरे घर की जुबान मराठीच है ना, रोशनी? तूच देख ले बस.’ श्रीकांत म्हणाला. ‘दस दिन हैं. नै हुआ तो मराठी निकाल देते इस बार. फोन अंग्रेजी में बोल लेगा, क्या करते?’

‘हौ, मैं करती,’ रोशनी म्हणाली, आणि तो गेल्यावर मनातल्या मनात मराठीत मोजून पाहू लागली.

वीसपर्यंत ती राणी होती. पुढे सगळा अंधार. सदुसष्ट मोठे की शहात्तर, एकोणऐंशी ऐंशीच्या अलीकडे की पलीकडे, हे तिला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तर ती तेलुगूत रडली असती. भाजीवाल्याशी दखनीतून आणि बसमध्ये तेलुगूतून मोजायची सवय; मराठीत वीसच्या पुढे तिला काही मोजावंच लागलं नव्हतं. इंटरनेटवर याद्या होत्या, पण यादीवरून उतरवायला आता बंदी होती. जो माणूस आयुष्यभर त्या भाषेत मोजत आला त्याच्या तोंडून शंभरपर्यंतचे आकडे रेकॉर्ड करायचे, मग प्रोग्राम त्या आवाजाचे शंभर तुकडे करून एकेका ओळीत लिहील, अशी रीत ठरली होती. आयुष्यभर मराठीत मोजलेला माणूस तिच्या घरात पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलेला असायचा.

तिनं तीन दिवस घालवले. चौथ्या दिवशी जेवताना विचारलं.

‘नक्को,’ तातेराव म्हणाले. ‘माझ्या तोंडचं गेलं आता ते.’

‘अहो, पोरगी मागायली,’ केसरबाई म्हणाल्या. ‘सोनं मागायली का काय?’

तातेराव ताट घेऊन उठले. पण रविवारी दुपारी रोशनी गॅलरीत कपडे काढत असताना आतून डब्याचा आवाज आला. बघते तर तातेराव जमिनीवर मांडी घालून बसलेले, समोर जुनी चादर पसरलेली, शेजारी ज्वारीचा डबा आणि हातात स्टीलची वाटी.

‘हवेत मोजता येत नसतंय,’ ते तिच्याकडे न बघता म्हणाले. ‘मापात काहीतरी पाहिजे. लाव तुझं ते.’

रोशनीनं फोन चादरीच्या कडेला ठेवला, बटण दाबलं आणि समोर बसली.

‘तू इथं बसू नको. तू बसलीस की नाही जमायचं.’

ती पडद्यापलीकडे गॅलरीत जाऊन बसली. आधी काही ऐकूच आलं नाही. नुसती ज्वारी पडल्याची सर, मग शांतता, मग पुन्हा सर. सात-आठाच्या सुमाराला तिला पहिल्यांदा आवाज लागला, घोगरा, गंज चढलेला. पंधराच्या पुढे तो मोकळा झाला. एकवीस म्हणताना त्यांनी ‘एकवीस हो एकवीस’ म्हटलं आणि पुढची वाटी भरेपर्यंत ते ‘एकवीस’ तसंच हवेत धरून ठेवलं. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं, ज्वारीची बारीक धूळ त्यात तरंगत होती, आणि तिच्या अंधारातले आकडे एकेक करून दारात येऊ लागले. त्रेचाळीस. सत्तेचाळीस. छप्पन्न. आपण त्यांना कधी भेटलोच नाही असं तिला वाटत होतं, पण प्रत्येकाचा चेहरा ओळखीचा निघाला. लहानपणी बाजारात पोत्यांच्या थप्पीवर झोपलेली असताना हेच आकडे तिच्या अंगावरून गेले होते. सदुसष्ट गेला. मग बऱ्याच वेळानं शहात्तर आला, आणि मोठा कोण हे तिला आता कायमचं कळलं. डबा रिकामा झाला तेव्हा त्यांनी चादरीवरची ज्वारी परत डब्यात टाकायला सुरुवात केली, आणि आकडा न मोडता पुढे गेले. शंभर म्हणून झाल्यावर त्यांनी डब्याचं झाकण लावलं. रोशनी पडद्यापलीकडे तोंडात ओढणी धरून रडत होती. इतका आवाज या माणसात होता आणि आपण तो घरात बंद करून ठेवला, हे तिला सहन होत नव्हतं.

सोमवारी प्रोग्रामनं शंभर तुकडे शंभर ओळींत बसवले. रोशनीनं एकविसापासून शेवटपर्यंत प्रत्येक ओळ तीन-तीनदा ऐकून तपासली. पहिल्या वीस ओळींकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. वीसपर्यंत येतंच की सगळ्यांना.

शेवटी एक रकाना होता. आकडे सांगणाऱ्याचं नाव आणि व्यवसाय. हा रकाना जगभरचे लोक वाचू शकत होते. तिनं बोटं थांबवली, मग ‘स्थानिक भाषक’ लिहिलं आणि व्यवसाय कोरा सोडला. कुणी विचारलं नाही तरी आपण काय केलं हे तिला कळलं. दुसऱ्यांदा केलं.

लायब्ररीतून मराठी जायची वाचली. नवी आवृत्ती निघाली आणि हजारो फोनांमध्ये जाऊन बसली.

एकोणिसाव्या दिवशी लातूरच्या केतकी नावाच्या एका बाईंची तक्रार आली. त्यांनी इंग्रजीच्या भानगडीत न पडता सरळ मराठीत लिहिलं होतं: ‘दुपारी फोनमधलं घड्याळ “लाभ वाजला” म्हणतं. दवाखान्यात टोकन पुकारतात तिथेही पहिला नंबर “लाभ”. हे चूक आहे, एक हवं. पण फार घाई करू नका. माझे सासरे हल्ली जेवायला थांबून राहतात, म्हणतात लाभ वाजू दे.’

रोशनीनं ते दोनदा वाचलं. मग तक्त्याची पहिली ओळ उघडली. तिथे खरोखरच लिहिलं होतं, लाभ.

तिनं आपला फोन मराठीवर टाकला आणि एक वाजायची वाट बघत बसली. पाच मिनिटं होती. खिडकीबाहेर माधापूरच्या काचा उन्हात विरघळल्यागत चमकत होत्या. आत्ता नांदेडात, परभणीत, बार्शीत, कुठल्या कुठल्या ओट्यांवर आणि दुकानांत फोन तयार होत असतील असं तिला वाटलं. कुणी भाकरी मोडता मोडता थांबलं असेल. मग मशिनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, ‘लाभ वाजला.’ आणि रोशनीला क्षणभर वाटलं, की सगळ्या मराठी मुलखावर एकाच वेळी कुणीतरी ज्वारीचं पहिलं माप ओतलं.

श्रीकांत हसून हसून बेजार झाला. मग खुर्ची सरकवून म्हणाला, ‘एक लाइन का काम है. ठीक कर. और क्या हुआ करके लिखना पडता ना नोट में, टाइपिंग मिस्टेक बोलके डाल दे. बात खतम.’

बात खतम झाली असती. रोशनीनं लॅपटॉप पिशवीत टाकला आणि तीनच्या मेट्रोनं घरी आली. तातेराव पलंगावर होते. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली, तशी ती कधी बसत नसे.

‘बाबा, तुम्ही पहिल्या वाटीला लाभ म्हणालात.’

‘मग काय म्हणायचं?’

‘एक.’

‘पहिल्या मापाला एक नसतंय म्हणत,’ तातेराव म्हणाले. ‘एक म्हटलं की मोजणं सुरू झालं, आणि मोजाय लागलं की ते संपणार हे ठरलं. पहिलं माप आलं हेच खूप म्हणायचं. दत्तोबानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं मला.’ बोलता बोलता ते थांबले, आणि त्यांचा चेहरा बदलला. ‘का गं? माझ्यापायी तुझं काम बिघडलं का?’

‘नाही, बाबा.’

‘बिघडलं असंल तर सांग. मला काय कळतंय त्या मशिनीतलं. मला वाटलं मापच मोजायचंय.’ ते उठायला लागले. ‘तुझ्या साहेबाला सांग, म्हातारा अडाणी आहे.’

तिनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. ‘बसा. तुमच्यासमोर लिहिते.’

तिनं पहिली ओळ बदलली. लाभ गेला, एक आला. ‘बरोबर आहे,’ तातेराव मान हलवत म्हणाले. ‘घड्याळाला काय करायचाय लाभ. मापात काही असल्याशिवाय म्हणायचाच नसतो तो.’ मग तिनं खुलाशाची जागा उघडली आणि लिहू लागली. इंग्रजीत लिहीत होती, पण प्रत्येक वाक्य आधी मराठीत मोठ्यानं म्हणत होती.

‘हे आकडे सांगणारे तातेराव सोनकांबळे. मलकपेठच्या बाजारात हमाल, अकरा वर्षं. त्यानंतर मापाडी, सत्तावीस वर्षं. पहिल्या मापाला लाभ म्हणायची त्यांच्या धंद्याची रीत आहे. त्यांनी काही चूक केलेली नाही. मी पहिल्या वीस ओळी तपासल्या नाहीत, ही माझी चूक. रोशनी सोनकांबळे, त्यांची मुलगी.’

स्वयंपाकघरात केसरबाईंचा भांड्यांचा आवाज थांबला होता. तातेराव पडद्यावरच्या अक्षरांकडे बघत होते. ती त्यांना वाचता येत नव्हती.

‘हमाल लिहिलंस?’

‘हो.’

‘तिथं तुझे ऑफिसातले लोक वाचतील.’

‘सगळ्या जगातले वाचतील, बाबा.’

तातेराव चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसत म्हणाले, ‘ते शाळेतलं. त्या दिवसाचं. तू काय खोटं नव्हतीस बोलली, पोरी. पोती मोजायची म्हणजे हिशेबच की. अकाउंट्सच म्हणायचं त्याला. मीच उगा मनाला लावून घेतलं.’

तेरा वर्षं या माणसानं बसून तिच्यासाठी ही पळवाट तयार करून ठेवली होती. रोशनीनं नुसती मान हलवली असती तरी दोघं सुटले असते. तिला ते फार सोपं वाटलं, आणि म्हणूनच नको वाटलं.

‘नाही, बाबा. मी खोटंच बोलले होते,’ ती म्हणाली. ‘मला तुमची लाज वाटली होती. आणि मागच्या महिन्यात आकडे सांगणाऱ्याच्या रकान्यात तुमचं नाव टाकायचं होतं, तेव्हाही मी ते टाकलं नाही.’

तातेरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं, किती तरी वर्षांनी.

‘शाळेतलं मला ठाऊक होतं,’ ते म्हणाले.

‘मग बोलला का नाही कधी?’

‘मी काय बोलायचं? तू म्हणशील म्हणून थांबलो होतो.’

रोशनीनं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं. पोती वाहून वाहून तो खांदा एका बाजूला दगडागत टणक झाला होता, आणि तिनं आजवर त्याला कधी हात लावला नव्हता. त्यांनी आपला हात उचलला, तो कुठे ठेवावा हे त्यांना आधी कळेना, मग तिच्या केसांवर ठेवला. दुसऱ्या हातानं त्यांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

‘ते गेलं का पुढं? का अजून इथंच आहे?’

‘इथंच आहे. बटण दाबायचंय.’

‘मग दाब की,’ तातेराव म्हणाले, आणि तिनं दाबलं.